जुन्या स्पोर्ट्स कारचा क्लास ठरतो कसा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात अमेरिका आणि इंग्लंडमधले हौशी लोक आपापल्या जुन्या स्पोर्ट्स कार घेऊन क्लबच्या रेसमध्ये कसे उतरतात त्यावर लिहिलं होतं. त्यावर जे मेल आणि व्हॉट्सॲप आले त्यातले बहुतेक एकाच गोष्टीवर अडले होते, की गाडीच्या दारावर ईपी, एचपी, बीपी (म्हणजे ई, एच, बी प्रॉडक्शन) असं जे लिहिलेलं असतं ते कोण ठरवतं आणि कशावरून. म्हणून यावेळी फक्त क्लासवरचे प्रश्न घेतलेत, बाकीचे पुढच्या अंकात.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): नमस्कार सर, मी मूळचा डोंबिवलीचा. गेल्या वर्षी १९६७ ची एमजीबी घेतली आणि आता इथल्या विंटेज क्लबमध्ये रेस करायची इच्छा आहे. फॉर्मवर क्लास विचारलाय. इंजिन १७९८ सीसी म्हणजे दोन लिटरच्या आतला कुठलातरी क्लास असेल असं मी धरून चाललो होतो, पण एक जुने मेंबर म्हणाले ई प्रॉडक्शन, दुसरे म्हणाले डी प्रॉडक्शन. सीसीवरून ठरत नाही का हे?

उत्तर: दोघंही खरं बोलतायत, फक्त वेगवेगळ्या वर्षांबद्दल. आणि तुमचा अंदाज पण चुकीचा नाही, सुरुवातीला खरंच सीसीवरूनच ठरायचं.

एससीसीए, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, १९४४ मध्ये बोस्टनला सुरू झाला, आणि १९४८ मध्ये वॉटकिन्स ग्लेन गावाच्या रस्त्यांवरून साडेसहा मैलांच्या लूपवर रेस झाली तिथून अमेरिकेतल्या युद्धानंतरच्या रोड रेसिंगने जोर धरला असं म्हणता येईल. तेव्हा युरोपातून आलेली अक्षरं वापरात होती. सी म्हणजे ३ ते ५ लिटर, डी म्हणजे २ ते ३, ई म्हणजे दीड ते दोन, एफ म्हणजे ११०० ते १५०० सीसी, मग जी, आणि ७५० सीसीच्या आतल्या एकदम चिमुकल्या गाड्या एचमध्ये. मोजायला सोपं, भांडायला जागा नाही. पण ट्रॅकवर काय व्हायचं की एकाच अक्षराच्या दोन गाड्यांमध्ये जमीन अस्मानाचा फरक. पोर्शे ३५६ ची साधी १६०० घ्या आणि तिचीच कॅरेरा घ्या, सीसी जवळपास तेवढंच, पण कॅरेराच्या इंजिनात चार कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), ती एकदम वेगळंच जनावर. साध्या १६०० वाल्याने काय करायचं तिच्यासमोर?

म्हणून १९६० च्या आसपास एससीसीएने प्रॉडक्शन, म्हणजे कारखान्यातून विक्रीसाठी बनलेल्या, गाड्यांसाठी सीसी बाजूला ठेवलं आणि गाडी प्रत्यक्षात किती वेगाने लॅप मारू शकते ते बघून ए ते एच अशी उतरंड लावली. अक्षरं तीच राहिली, अर्थ बदलला, आणि सगळा गोंधळ तिथे आहे कारण जुन्या लोकांच्या डोक्यात अजून लिटर असतात. लोटस एलानचं इंजिन १५५८ सीसी, तुमच्या एमजीबीपेक्षा लहान, पण एलान एमजीबीपेक्षा दोनशे किलोहून जास्त हलकी आणि इंजिन ट्विन कॅम, त्यामुळे ती एमजीबीच्या वरच्या क्लासमध्ये. म्हणजे लहान इंजिनवाली वर आणि मोठं इंजिनवाली खाली. हे एकदा पटलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आता डी की ई. क्लबची कमिटी दरवर्षी निकाल बघायची, एखादी गाडी सारखी पुढे राहायला लागली किंवा तिच्या क्लासमध्ये नवीन तगडी गाडी आली की गाड्या वरखाली हलवायची. एमजीबी साठच्या दशकात डीमध्ये पळायची, नंतर ईमध्ये आली. ट्रायम्फ टीआर६ चं पण तसंच, आधी ती सी प्रॉडक्शनमध्ये होती आणि तिथे गाठ पडली डॅटसन २४०झेडशी. पीटर ब्रॉकच्या बीआरई टीमची २४०झेड घेऊन जॉन मॉर्टनने १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षं सी प्रॉडक्शनची नॅशनल चॅम्पियनशिप घेतली. पुढे टीआर६ डीमध्ये आली आणि १९७६ मध्ये डी प्रॉडक्शनची चॅम्पियनशिप टीआर६ चालवूनच जिंकली ती पॉल न्यूमनने, हो, तोच सिनेमातला न्यूमन, रेसिंगला लागला तेव्हा त्याने पन्नाशी गाठत आणली होती आणि तो खरोखर चांगला ड्रायव्हर होता.

तुम्ही एवढंच करा, क्लबला विचारा की तुम्ही कुठल्या वर्षाचं रूलबुक धरता. बरेच अमेरिकन विंटेज क्लब १९७२ च्या आसपासचं एससीसीएचं रूलबुक आणि त्यासोबतची प्रॉडक्शन कारची स्पेसिफिकेशन शीट प्रमाण मानतात. त्या शीटवर तुमच्या गाडीपुढे जे अक्षर असेल तेच फॉर्मवर लिहायचं.

जाता जाता एक, एमजीबीचं इंजिन म्हणजे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी सीरिज, आणि आपल्या ॲम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं ते याच घराण्यातलं. एमजीबीच्या आधीच्या एमजीए १५०० मध्ये तर तेच १४८९ सीसी होतं. डोंबिवलीत कुणी जुना ॲम्बॅसेडरचा मिस्त्री ओळखीचा असेल तर त्याला तुमच्या इंजिनचे फोटो पाठवा, त्याला बराच भाग ओळखीचा वाटेल.

प्रश्न (नाशिक): रिझल्ट शीटवर ग्रुप पण असतो आणि क्लास पण असतो. दोन्ही कशाला?

उत्तर: ग्रुप म्हणजे ट्रॅकवर एका वेळी कोण कोण उतरणार. क्लास म्हणजे त्यातल्या कुणाची तुलना कुणाशी होणार. एका ग्रुपमध्ये चारपाच क्लास असू शकतात, सगळे एकत्र सुटतात पण प्रत्येक क्लासचा पहिला वेगळा काढतात, त्यामुळे ओव्हरऑल सतरावा आलेला माणूस आपल्या क्लासमध्ये पहिला असतो आणि त्याचा आनंद अगदी खरा असतो.

ग्रुप पाडताना मुख्य विचार सुरक्षिततेचा असतो. सरळ रस्त्यावर ५.४ लिटरची कॉर्व्हेट मागून येतेय आणि पुढे ९४८ सीसीची स्प्राइट फुल थ्रॉटलवर पण तिच्या निम्म्यापेक्षा जरा जास्त वेगात, असं झालं तर कॉर्व्हेटवाल्याला अंदाज घ्यायला फारच कमी वेळ मिळतो. वळणात परत उलटं, हलकी स्प्राइट ब्रेक न दाबता जाईल तिथे जड गाडीला कधीच ब्रेक लावावा लागतो. म्हणून स्प्राइट, मिजेट, स्पिटफायर अशी छोटी मंडळी एकत्र, कोब्रा, कॉर्व्हेट, जीटी३५० अशी मोठ्या व्ही८ ची मंडळी एकत्र. लोटस इलेव्हनसारख्या खास रेससाठीच बनवलेल्या गाड्या, ज्यांना तिकडे स्पोर्ट्स रेसर म्हणतात, त्या वेगळ्या, आणि उघड्या चाकांच्या फॉर्म्युला गाड्या तर कधीच यांच्यात मिसळत नाहीत कारण चाकात चाक अडकलं की गाडी हवेत जाते. गाड्या कमी आल्या की ग्रुप त्या दिवशी जोडतात पण, ते ऑर्गनायझरच्या हातात असतं. क्लास मात्र त्या दिवसापुरता बदलत नाही.

प्रश्न (पुणे): शेल्बी जीटी३५० म्हणजे मस्टँगच ना? चार सीटची गाडी स्पोर्ट्स कारच्या क्लासमध्ये कशी घेतली? हा पैशाचा जोर म्हणायचा का?

उत्तर: पैसा होता, पण नियम मोडला नाही, पूर्ण वाचून पाळला. मला क्लासिंगच्या इतिहासातली ही सगळ्यात आवडती गोष्ट आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फोर्डला १९६४ मध्ये मस्टँगला रेसिंगचं नाव मिळवून द्यायचं होतं आणि एससीसीएच्या हिशोबात मस्टँग म्हणजे सेडान. स्पोर्ट्स कार म्हणजे दोन सीट. फोर्डने रेसिंगच्या गाड्या बनवणाऱ्या कॅरोल शेल्बीला गाठलं, शेल्बीने एससीसीएच्या जॉन बिशपना विचारलं की हिला स्पोर्ट्स कार म्हणवून घ्यायचं तर काय काय करावं लागेल. उत्तर मिळालं ते असं, की मागची सीट काढा, इंजिन किंवा सस्पेन्शन यातलं काहीतरी एकच रेसिंगसाठी बदलता येईल, दोन्ही नाही, आणि अशा किमान शंभर गाड्या तयार करून दाखवा. शेल्बीच्या लोकांनी विक्रीच्या गाडीत सस्पेन्शन बदलून घेतलं आणि इंजिन रेससाठी बदलायची मुभा राखून ठेवली. फास्टबॅक मस्टँगची मागची सीट गेली, त्या जागी फायबरग्लासचा कप्पा आला आणि त्यावर स्टेपनी ठेवली. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये पुढचं वजन कमी करायला बॅटरीसुद्धा डिकीत नेली. १९६५ च्या जानेवारीपर्यंत शंभर गाड्या उभ्या होत्या आणि जीटी३५० ला जागा मिळाली बी प्रॉडक्शनमध्ये, ए मध्ये नाही. ए मध्ये शेल्बीचीच कोब्रा होती, आपल्याच दोन गाड्या एकमेकांना खाणार नाहीत अशी सोय आपोआप झाली. खास रेससाठीच्या आर मॉडेल फक्त ३६ बनल्या, आणि त्याच वर्षी जेरी टायटसने बी प्रॉडक्शनची नॅशनल चॅम्पियनशिप घेतली.

म्हणून आज एखाद्या विंटेज रेसमध्ये जीटी३५० बीपी म्हणून उभी असते आणि त्याच वर्षाची साधी मस्टँग सेडानच्या ग्रुपमध्ये असते, तेव्हा त्यात अन्याय काही नाही. १९६५ मध्ये ज्या रांगेत होत्या त्याच रांगेत आजही आहेत. विंटेज रेसिंगचा मला वाटतं जीवच हा आहे, गाडीला तिच्या काळातली जागा आणि तिच्या काळातले प्रतिस्पर्धी परत मिळतात.

प्रश्न (कोल्हापूर): आमच्याकडं कुस्तीत वजन बघून जोड लावतात, पण पैलवान खुराक वाढवून ताकद वाढवतोच की. तसं गाडीवाल्यानं आतून इंजिन वाढवलं तर कोण बघतंय? आणि बदल केला की क्लास बदलतो का?

उत्तर: बघतात, आणि बरंच काही उघडून बघायचा अधिकार पण क्लबला असतो. तुमची कुस्तीची उपमा चांगली आहे, तीच पुढे नेतो. इथे वजनगटासोबत खुराकाचा तक्ता पण ठरलेला असतो. स्पेसिफिकेशन शीटवर गाडीचं कमीत कमी वजन, चाकाची रुंदी, कुठले कार्ब्युरेटर, कुठले ब्रेक, गिअरबॉक्स कुठला, सगळं लिहिलेलं असतं. काही गोष्टींना मोकळीक असते, म्हणजे इंजिन बॅलन्स करा, कॅमशाफ्ट बदला, स्प्रिंगा कडक करा, ते त्या काळातही सगळे करत होते. सिलिंडर झिजला की रिबोर करावाच लागतो, त्यामुळे साधारण चाळीस साइझच्या पिस्टनपर्यंत, म्हणजे एक मिलिमीटर मोठ्या बोअरपर्यंत, चालवून घेतात. एमजीबीचं उदाहरण घ्या, १७९८ सीसीचं त्यामुळे १८४५ च्या आसपास होतं. तेवढ्याने क्लास बदलत नाही.

बदलतो कशाने, तर शीटवर नसलेला भाग लावला की. दोन एसयू कार्ब्युरेटरच्या जागी मोठा वेबर कार्ब्युरेटर, ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक, चारच्या जागी पाच गिअर, असं केलं की काही क्लब तुम्हाला वरच्या क्लासमध्ये टाकतात, काही म्हणतात मॉडिफाइडमध्ये जा, आणि जे कडक आहेत ते म्हणतात काढून टाका आणि मग या. मी स्वतः या शेवटच्या मताचा आहे. कारण एकाने लावलं की बाजूचा लावतो, मग सगळेच लावतात, आणि पाच वर्षांनी ज्याच्याकडे अगदी मूळ रूपातली, कुठल्यातरी १९६३ च्या रेसमध्ये पळालेली गाडी आहे तो बिचारा सगळ्यात मागे राहतो आणि गाडी घरी नेऊन ठेवतो. ज्या गाडीसाठी हा सगळा खटाटोप तीच ट्रॅकवरून जाते.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट सांगू का, टायर. लोक इंजिनबद्दल वाद घालतात आणि टायरबद्दल गप्प असतात, खरा फरक तिथे पडतो. स्लिक, म्हणजे बिननक्षीचे टायर, तर बहुतेक ठिकाणी नाहीच, नक्षी असलेले, त्या काळच्या उंच आणि अरुंद धाटणीचे टायर लावायचे असतात, जसे डनलॉपचे एल सेक्शन किंवा हूजियरचे ठराविक ट्रेडवाले. आधुनिक चिकट टायर लावला तर लॅप टाइम तर पडतोच, पण त्याहून वाईट म्हणजे साठ वर्षांपूर्वीचे हब, स्टब ॲक्सल, हाफ शाफ्ट, आऱ्यांची चाकं यांच्यावर असा भार येतो जो त्यांना बनवणाऱ्याने कधी कल्पनेतही धरला नव्हता. स्प्राइटचे हाफ शाफ्ट तर त्यांच्या काळातही तुटायचे. वळणात चाक निखळणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे टायरचा नियम जो क्लब काटेकोर पाळतो त्याच्या बाकीच्या क्लासिंगवर माझा विश्वास आपोआप बसतो.

रोल बार, हार्नेस, फ्युएल सेल (सुरक्षित पेट्रोल टाकी), हेल्मेट, अग्निशामक या बाबतीत मात्र जुनं धरून बसायचं नाही, तिथे आजचेच नियम आणि त्याने क्लासवर काही परिणाम होत नाही.

प्रश्न (ठाणे): टर्बो किंवा सुपरचार्जर असेल तर? आणि माझदाचं रोटरी इंजिन कसं मोजतात, त्यात पिस्टनच नसतो.

उत्तर: जिथे सीसीवर गट पडतात तिथे गुणाकार करतात. सत्तरच्या दशकात आंतरराष्ट्रीय नियमात टर्बो किंवा सुपरचार्जरला १.४ ने गुणायचे. १९७४ ची पोर्शे आरएसआर टर्बो २१४२ सीसीची होती, आकडा विचित्र वाटतो ना, आता १.४ ने गुणा, २९९९ येतं, तीन लिटरच्या मर्यादेच्या बरोब्बर खाली. रोटरीला दोनने गुणायचे, म्हणजे माझदाचं ११४६ सीसीचं १२ए इंजिन २२९२ धरलं जायचं. टर्बोचा गुणक पुढच्या काळात वाढून १.७ झाला. त्यामुळे गाडी कुठल्या काळाची ते आधी बघायचं आणि मग कॅल्क्युलेटर काढायचा.

प्रश्न (बर्मिंगहॅम, इंग्लंड): इथे माझ्या शेजाऱ्यांकडे १९२९ ची गाडी आहे आणि ते अमेरिकन अक्षरांना ओळखतच नाहीत. ते म्हणतात आमची "व्हिंटेज", पलीकडच्याची "पीव्हीटी". माझ्याकडे स्वतःची १९६४ ची एमजीबी आहे, ती यात कुठे बसते?

उत्तर: तुमचे शेजारी व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबचे, व्हीएससीसीचे मेंबर असणार. तो क्लब १९३४ चा आहे, आणि त्यांच्याकडे व्हिंटेज म्हणजे सरसकट जुनी असं नसतं, १९३० च्या अखेरपर्यंत बनलेली, संपलं. संस्थापकांचं मत असं होतं की १९३० नंतर गाड्या स्वस्तात आणि ढिगाने बनायला लागल्या आणि कारागिरी उतरली, म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या गाड्या वाचवायला त्यांनी क्लब काढला. नंतर त्यांना स्वतःलाच वाटलं की तिशीतल्या काही गाड्या खरंच उत्तम आहेत, म्हणून निवडून घेतलेल्यांसाठी पोस्ट व्हिंटेज थरोब्रेड असा वर्ग आला, तीच तुमच्या पलीकडची पीव्हीटी. १९०५ च्या आधीच्या त्या व्हेटरन, तिथून १९१८ पर्यंतच्या एडवर्डियन.

एवढ्या वेगवेगळ्या ताकदीच्या गाड्या एकत्र पळवायच्या म्हणून त्यांच्याकडे हँडिकॅप रेस फार लाडकी, म्हणजे सगळ्यात हळू गाडी आधी सोडायची, वेगवान शेवटी, आणि हिशोब असा की शेवटच्या लॅपला सगळे जवळजवळ यायला हवेत. हिशोब करणारा माणूस चांगला असेल तर बघायला याच्यासारखी मजा नाही. एखाद्या शनिवारी मॅलरी पार्क किंवा कॅडवेल पार्कला शेजाऱ्यांसोबत नक्की जा.

तुमची १९६४ ची एमजीबी व्हीएससीसीच्या वयात बसत नाही, ती बसते एफआयएच्या, म्हणजे मोटरस्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, पद्धतीत. एफआयएच्या अपेंडिक्स के या नियमावलीमध्ये काळाचे तुकडे पाडलेत, १९३१ ते १९४६ डी, १९४७ ते साधारण १९६१ ई, १९६२ ते १९६५ एफ, १९६६ ते १९६९ जी१ आणि असंच पुढे. तुमची पिरियड एफ. इथे अक्षर वेग सांगत नाही, जन्मकाळ सांगतं, त्या काळाच्या आत मग सीसीचे गट. युरोपात ६६ पूर्वीच्या गाड्यांच्या सीरिज भरपूर आहेत त्यामुळे तुमच्या गाडीला रेस कमी पडणार नाहीत. आंतरराष्ट्रीय रेसला एचटीपी लागतो, हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट, त्यात गाडीचा भाग न भाग फोटोसकट नोंदलेला असतो आणि तो दहा वर्षं चालतो. साध्या क्लब रेसला बऱ्याचदा त्याची गरज नसते, पण बनवून ठेवलात तर क्लासबद्दल कुणी तुमच्याशी वाद घालू शकत नाही. एक बघून घ्या, १९६४ च्या शेवटाला एमजीबीचं इंजिन तीन मेन बेअरिंगवरून पाचवर गेलं. तुमच्या गाडीत आता कुठलं आहे आणि मुळात कुठलं होतं, हे स्क्रुटिनीच्या (रेसआधीच्या तपासणीच्या) आधी स्वतः तपासा.

प्रश्न (सातारा, बारावी): सर, मला गाड्यांचं वेड आहे, मी मुलगी आहे म्हणून घरचे हसतात. तुम्ही लिहिलं होतं की एच प्रॉडक्शन हा सगळ्यात खालचा क्लास. मग तिथे जिंकून काय मिळतं? वरच्या क्लाससमोर त्यांना कोण विचारतं?

उत्तर: बाळा, अगदी योग्य क्लासबद्दल विचारलंस. १९६३ ची एच प्रॉडक्शनची नॅशनल चॅम्पियन होती डोना मे मिम्स, पेनसिल्व्हेनियातली, आणि एससीसीएची नॅशनल चॅम्पियनशिप जिंकणारी ती पहिली बाई. गाडी कुठली, तर ऑस्टिन-हीली स्प्राइट, बेडकाच्या डोळ्यांसारखे हेडलाइट असलेली बगआय. कंपनीतून निघताना त्या ९४८ सीसीच्या इंजिनात फक्त ४३ हॉर्सपॉवर होती. मिम्स कॅननस्बर्गला डॉन येन्कोच्या गाड्यांच्या कंपनीत नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी रेस करायची, गुलाबी रंग तिची ओळख होता आणि गाडीवर "थिंक पिंक" लिहिलेलं असायचं.

आता एचमध्ये जिंकणं सोपं आहे का, तर नाही गं. जिथे ताकद भरपूर असते तिथे वळणात केलेली चूक सरळ रस्त्यावर भरून काढता येते. स्प्राइटमध्ये तसं काही नाही, वळणात दोन किलोमीटरचा वेग गेला की तो परत मिळवायला अर्धा ट्रॅक जातो, त्यामुळे ब्रेक कमी, स्टिअरिंग अलगद, आणि पुढच्याच्या मागे चिकटून हवेचा आडोसा घ्यायचा. छोट्या गाड्यांच्या रेसमध्ये पहिल्या पाचजणांमध्ये शेवटच्या लॅपपर्यंत काही ठरलेलं नसतं, आणि बघणारे लोक कुंपणाला लागून उभे असतात ते याच रेसला. उत्तम ड्रायव्हर बघायचे असतील तर मी तरी खालच्या क्लासकडेच बघतो. घरच्यांना मिम्सचा फोटो दाखव. आणि बारावी नीट दे, मग पुढे कार्टिंगपासून सुरू कर.

प्रश्न (गिरगाव, मुंबई): आमच्या आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड चालू स्थितीत आहे. ही विंटेज रेसमध्ये कुठल्या क्लासला बसेल? भारतात असं रेसिंग होतं का?

उत्तर: आधी आजोबांना नमस्कार सांगा, हेराल्ड चालू ठेवणं सोपं नाही.

स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे मद्रासला बनलेली ट्रायम्फ हेराल्ड, ९४८ सीसी, आकार मिकेलॉत्ती या इटालियन डिझायनरने काढलेला. आणि याच हेराल्डचा चासी आखूड करून त्यावर ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर उभी केली, ११४७ सीसीची, जी अमेरिकेत एससीसीएच्या छोट्या क्लासमध्ये वर्षानुवर्षं गाजली, आकार परत मिकेलॉत्तीचाच. पुढचं सस्पेन्शन, मागचा स्विंग ॲक्सल, अख्खं बॉनेट पुढे उघडणं, सगळं तुमच्या दारातल्या गाडीत आहे. तरी क्लासच्या दृष्टीने हेराल्ड सेडान, स्पिटफायर स्पोर्ट्स कार. तिकडे उतरवली असती तर प्रॉडक्शनच्या अक्षरांमध्ये न बसता सगळ्यात छोट्या सेडानमध्ये गेली असती.

आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या रॅली आणि प्रदर्शनं होतात, पण प्रॉडक्शन क्लास पाडून हौशी विंटेज सर्किट रेसिंग असं रुजलेलं नाही. एकेकाळी मद्रासजवळ सोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर रेस व्हायच्या, आणि तिथे हेराल्ड, फियाट ११०० अशा रोजच्याच गाड्या सोलून, हलक्या करून पळवायचे. ते सगळं परत क्लासवार मांडता येईल असं मला मनापासून वाटतं, गाड्या आहेत, मिस्त्री अजून आहेत, चेन्नई आणि कोइंबतूरला ट्रॅक आहेत.

पण तुमच्या गाडीबद्दल सांभाळून. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून रजिस्टर करता येते, नंबर प्लेटवर व्हीए येतं, आणि चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठे बदल झालेले चालत नाहीत. रस्त्यावर काढायची ती पण रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. रेससाठी रोल केज वेल्ड केलात तर तो दर्जा धोक्यात येईल. आजोबांची गाडी आहे तशी ठेवा, रॅलीत न्या.

प्रश्न (ह्यूस्टन): एसी कोब्राची किट कार बनवतोय, ४२७ सारखी. ए प्रॉडक्शनमध्ये घेतील का?

उत्तर: बहुतेक विंटेज क्लब नाही घेणार. ए प्रॉडक्शनचा तो क्लास ज्या गाड्यांनी कमावला त्या साठच्या दशकात बनल्या, आणि नवीन चासीवर बनलेल्या गाडीला त्या रांगेत उभं केलं तर खऱ्या कोब्रावाला कोट्यवधींची गाडी तुमच्या शेजारी का आणेल? काही क्लब रेप्लिकांसाठी वेगळा ग्रुप ठेवतात, तिथे आनंदाने पळवा. फक्त फॉर्मवर रेप्लिका असं स्पष्ट लिहा.

प्रश्न (टोरांटो): क्लास ठरला, गाडी तयार आहे. हौशी रेसिंग आहे म्हणजे थोडं घासलं बिसलं तर चालतं ना? आणि पहिल्यांदा जाताना कागदपत्रं काय न्यायची?

उत्तर: अजिबात चालत नाही. बऱ्याच उत्तर अमेरिकन विंटेज क्लबांमध्ये तेरा-तेराचा नियम आहे, तुमच्या चुकीने गाडीला गाडी लागली तर तेरा महिने प्रोबेशन, त्या काळात परत झालं तर तेरा महिने बंदी. तेराच का, तर बारा ठेवले असते तर पुढच्या वर्षीच्या त्याच रेसला माणूस परत हजर झाला असता. मला हा नियम फार योग्य वाटतो. समोरच्याच्या गाडीचं जे पॅनल तुम्ही चेपवणार ते कदाचित जगात दुसरं नाही, आणि वेगवेगळ्या क्लासच्या गाड्या एकत्र पळतात ते या भरवशावरच, की मागून येणारा वेगवान माणूस जागा मिळेपर्यंत थांबेल आणि पुढचा हळू माणूस आपली लाइन सोडणार नाही, वाट दाखवायला हात करेल.

कागदांमध्ये गाडीचं लॉगबुक सगळ्यात आधी, त्यात आधीच्या टेक इन्स्पेक्शनच्या, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या, नोंदी आणि क्लास असतो. जुनं एससीसीए लॉगबुक गाडीसोबत मिळालं असेल तर ते सोन्यासारखं जपा आणि मूळ प्रत ट्रॅकवर न नेता कॉपी न्या. त्याशिवाय त्या काळातले रेसचे फोटो असतील तर ते, स्पेसिफिकेशन शीटची प्रिंट, तुमचं मेडिकल आणि ड्रायव्हिंग स्कूल केल्याचं सर्टिफिकेट. पहिल्यांदा जाताय तर शक्यतो शुक्रवारी दुपारीच पोचा, टेकवाल्यांना तेव्हा वेळ असतो, शनिवारी सकाळी रांग लागते. क्लासबद्दल शंका असेल तर तेव्हाच विचारून घ्या, ते स्वतः शीट काढून दाखवतात.